पोले पोले : किलिमांजारो ते गोल बाजार

(आपल्या मंडळाच्या उत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक दुरुस्ती करतो. बाहेरच्या फलकावर माझ्या नावाखाली ‘किलिमांजारो सर करणारे’ असे लिहिले आहे. मुलांनी प्रेमाने लिहिले, पण ते खरे नाही. मी किलिमांजारोवर गेलो हे खरे. माथ्यावर मात्र पोहोचलो नाही. सुमारे सहाशे मीटर उरले असताना मला परत फिरवले. माथ्यावर गेली ती माझी मुलगी. बाप्पा मागे बसलेले असताना खोटे मिरवायला नको, म्हणून आधीच सांगून टाकले. आता जे सांगणार आहे ते न पोहोचलेल्या माणसाचे अनुभव आहेत असे समजून ऐका.

तुम्ही म्हणाल, मसाल्याच्या दुकानात जन्म गेलेल्या माणसाला हे कुठून सुचले? सुचले मुलीला. ती नोकरीनिमित्त पुण्यात असते, सह्याद्रीत भटकते. एका दिवाळीत म्हणाली, “बाबा, तुम्ही आयुष्यभर झांझिबारची लवंग विकली. तो देश एकदा बघायला नको का?” झांझिबार हा टांझानियाचाच भाग, आणि किलिमांजारोही टांझानियातच. म्हटले, चला. तेव्हा माझे वय सत्तावन्न. आपले रायपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर. छत्तीसगढमधले गौरलाटा शिखर १२२५ मीटर. महाराष्ट्रातले कळसूबाई १६४६. आणि किलिमांजारो ५८९५ मीटर! सहा महिने रोज पहाटे चाललो, दर पंधरवड्याला डोंगरगढला जाऊन बमलेश्वरीच्या हजारावर पायऱ्या दोन-दोन वेळा चढलो. फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही निघालो.

या डोंगराविषयी थोडे सांगतो. हा आफ्रिकेतला सर्वांत उंच पर्वत. एखाद्या रांगेतला नव्हे, सपाट प्रदेशातून एकटाच उभा राहिलेला ज्वालामुखी. विषुववृत्तापासून फार लांब नाही, तरी डोक्यावर बर्फ. १८४८ मध्ये रेबमान नावाच्या जर्मन मिशनऱ्याने हा बर्फ पाहिल्याचे कळवले, तेव्हा लंडनच्या काही विद्वानांनी त्याला वेड्यात काढले होते. १८८९ मध्ये हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर हे दोघे प्रथम माथ्यावर पोहोचले. पुस्तकात ही दोन नावे असतात. मारंगू गावचे लोक मात्र तिसरे नाव सांगतात, योहानी किन्याला लाउवो. हा तिथल्या चागा जमातीतला वाटाड्या. जर्मन राजवटीत या शिखराला कैसरचे नाव होते. डिसेंबर १९६१ मध्ये देश स्वतंत्र झाला त्या रात्री माथ्यावर मशाल पेटवली गेली आणि शिखराचे नाव झाले ‘उहुरू’, म्हणजे स्वातंत्र्य.

हा डोंगर चढायला दोर-कुऱ्हाडी लागत नाहीत, चालता येणाऱ्याला चालत जाता येते. पण स्वतःच्या मनाने जाता येत नाही. परवानाधारक वाटाड्या बरोबर घ्यावाच लागतो. आम्ही सहाजण होतो. कोणी पुण्याचे, कोणी नाशिकचे. आणि आमच्यासाठी किती माणसे होती, सांगा बरे? बावीस! वाटाडे, स्वयंपाकी आणि ओझी वाहणारे. सहा लोकांना फिरायला नेण्यासाठी बावीस लोक.

मचामे दरवाजापासून चढाई सुरू होते. तिथे पहिले काय पाहिले असेल, तर वजनकाटा. आपल्या बाजारात धान्याला असतो तसाच लटकता काटा. प्रत्येक हमालाचे ओझे त्यावर टांगायचे, वनखात्याचा माणूस आकडा बघणार, मगच आत सोडणार. मर्यादा वीस किलो. एका मुलाची गोणी जास्त भरली, तेव्हा त्याला बाजूला घेऊन दोन वस्तू काढायला लावल्या. पुढच्या मुक्कामांवरही असे काटे आहेत. पूर्वी याहून कितीतरी जास्त ओझी लादत, अंगावर धड कपडे नसत, थंडीने माणसे दगावत. मग नियम आले, आणि ते पाळले जातात की नाही हे बघणाऱ्या संस्थाही उभ्या राहिल्या.

मी काट्याकडे बघत उभा राहिलो. माझ्या हातात जन्मभर काटा होता. त्यावर मी हळद तोलली, जिरे तोलले. माणसाच्या पाठीवरचे ओझे तोलायचे असते हे कधी मनातही आले नव्हते. तेव्हा तो विचार आला आणि गेला. पुढे परत आला, ते सांगतोच.

पहिला दिवस घनदाट जंगलाचा. दुसऱ्या दिवशी झुडपे, मग खडक. वाटेत भाषेची मोठी गंमत वाटली. तिकडची भाषा स्वाहिली. त्यात चहाला चाय, पोळीला चपाती, गाडीला गारी, दुकानाला दुका, हिशेबाला हेसाबू, औषधाला दावा आणि बर्फाला बाराफू! अरबी, फारसी, हिंदी शब्द व्यापाऱ्यांच्या गलबतांतून तिकडे उतरले आणि तिथलेच झाले. आणखी एक. ती हमाल पोरे मला ‘बाबू, बाबू’ म्हणत. मला वाटले, पोरे लाडात आली आहेत, कारण आपल्या छत्तीसगढीत बाबू म्हणजे लहान पोरगा. तिसऱ्या दिवशी कळले की स्वाहिलीत बाबू म्हणजे आजोबा. मुलगी पोट धरून हसली.

पण सर्वांत जास्त ऐकला तो शब्द ‘पोले पोले’. म्हणजे हळूहळू. आमचे मुख्य वाटाडे पन्नाशीचे, डोंगर शेकडो वेळा चढलेले. ते इतके हळू चालत की वरातीत बरे चालतात असे वाटावे. कारण असे आहे. उंचावर हवेतले प्राणवायूचे प्रमाण बदलत नाही, पण हवेचा दाब घटतो. माथ्यावर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या निम्मा भरतो. शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात. म्हणून तिसऱ्या दिवशी आम्हांला ४६०० मीटरवरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढवले आणि झोपायला पुन्हा ३९५० मीटरवर बारांकोला उतरवले. उंच चढायचे, खाली निजायचे. रोज तीन-चार लिटर पाणी प्यायचे. सकाळ-संध्याकाळ बोटाला यंत्र लावून प्राणवायू मोजायचा. आणि डोके दुखले तर लपवायचे नाही, हा पहिला नियम.

आम्ही पोले पोले जात होतो आणि डोक्यावर तंबू, भांडी, गॅसची टाकी घेतलेली ती पोरे आम्हांला मागे टाकून सरसर पुढे जात. आम्ही मुक्कामाला पोहोचावे तर तंबू उभे, चहा तयार.

पाचवा मुक्काम बाराफू कॅम्प, ४६५० मीटर. सगळीकडे काळा खडक. तिथे पाणी नाही. मला पिण्याच्या बाटल्या भरून दिल्या, हातपाय धुवायला तांब्याभर गरम पाणीही दिले. मी सहज विचारले, झरा कुठे आहे? कळले की शेवटचे पाणी मागच्या करांगा मुक्कामाजवळच्या दरीत. तिथून डोक्यावर घेऊन इथवर आणलेले. मी तांब्याकडे बघितले. निम्मे पाणी तर मी हात धुताना सांडले होते.

आता माझी चूक सांगतो. त्या संध्याकाळी माझे डोके फणफणत होते. वाटाड्यांनी विचारले, “बाबू, डोके?” मी म्हटले, “काही नाही.” मुलीलाही सांगितले नाही. एक वेदनाशामक गोळी गुपचूप गिळली. मनात एकच. रायपूरला सगळ्यांना सांगून आलोय, दुकानात फोटो लावायची जागासुद्धा ठरवलीय.

मध्यरात्री निघालो. शून्याखाली दहा-बारा तरी असावे. बाटलीतले पाणी गोठू लागले. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात पुढच्याच्या टाचा तेवढ्या दिसत. दोनदा ओकारी झाली. थंडीवर ढकलले. पहाटे चारच्या सुमारास माझी पावले वेडीवाकडी पडायला लागली. वाटाड्यांनी ते मागून ओळखले. मला थांबवून म्हणाले, एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत सरळ रेषेत चाला. लहान पोर खेळात करते तेवढेच. मी तिसऱ्या पावलाला कलंडलो. याचा अर्थ मेंदूला सूज येऊ लागली असण्याची शक्यता. यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे. मी वाद घातला, चक्क हात जोडले. ते शांतपणे म्हणाले, “बाबू, डोंगर उद्याही इथेच आहे.” मुलगी माझ्याबरोबर उतरायला निघाली, तिला मीच पुढे पाठवले. तेवढी एक गोष्ट त्या रात्री मी बरी केली.

सहायक वाटाड्याने माझी पिशवी स्वतःच्या गळ्यात घातली आणि मला बगलेत धरून उतरवायला सुरुवात केली. कॅम्पजवळ आल्यावर एक हमाल पोरगा धावत आला. त्याने दुसरी बगल धरली. तोच, ज्याची गोणी काट्यावर जास्त भरली होती. बाराफूलाही न थांबता दोघांनी मला ३८०० मीटरपर्यंत खाली आणले. जसजसे उतरलो तसतसे डोके उतरत गेले. सूर्य वर आला तेव्हा मी एका दगडावर बसून चहा पीत होतो. गोडच लागला. त्या पोराने आदल्या दिवशी माझे पाणी वाहिले होते, आज मला वाहिले. वीस किलोच्या नियमात मी कुठे बसत होतो?

आणि तिथे बसल्या बसल्या तो काटा परत आठवला. आमच्या दुकानात तीस वर्षे एक काका हमाली करत होते. महासमुंदकडचे. पूर्वी साखर शंभर किलोच्या पोत्यात यायची, ती त्यांनी एकट्याने पाठीवर घेतलेली मी लहानपणापासून पाहिली आहे. एके दिवशी पाठ गेली, ते गावी निघून गेले. मी हिशेब चुकता केला, वर थोडे दिले, आणि मोठे काम केले असे समजलो. किती ओझे उचलता, हे तीस वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

मुलगी सकाळी साडेसातच्या सुमारास उहुरूवर पोहोचली. तिने बर्फाच्या भिंती पाहिल्या. १९१२ ते २००७ या काळात तिथला सुमारे ८५ टक्के बर्फ नाहीसा झाला आहे, तेव्हा तिच्या मुलांना तो दिसेल की नाही कोण जाणे. जिद्दीचे म्हणाल तर आपल्याच बालोद जिल्ह्यातले चित्रसेन साहू आहेत. २०१४ मध्ये रेल्वे अपघातात दोन्ही पाय गेले आणि २०१९ मध्ये कृत्रिम पायांवर ते हाच डोंगर चढून आले. व्याख्यानाला खरे त्यांना बोलवायला हवे. मी आपला परत आलेला माणूस.

परतल्यावर आठ दिवसांनी महासमुंदला जाऊन काकांना भेटलो. खाटेवर बसले होते. म्हणाले, “पहाड़ चढ़ आए सेठ?” मी सगळे सांगितले, परत फिरलो तेही. वीस किलोची गोष्ट ऐकून हसले. “बीस किलो? उतना तो हम गिनते ही नहीं थे.” ते हसले, मला हसता आले नाही. माफी मागायला गेलो होतो, पण शब्द फुटेना. लवंगेची पुडी हातात दिली आणि निघालो. आता दर महिन्याला जातो. त्यांच्या औषधपाण्याचे मी बघतो. उपकार म्हणून नाही, थकबाकी म्हणून.

महाराष्ट्रात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी कायदा झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच एका माणसाच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. आपण व्यापारी कायद्याची वाट का बघावी? माझ्या दुकानात आता दोन हातगाड्या आहेत. तीस किलोवरचे पोते एकट्याने उचलायचे नाही, दोघांनी धरायचे. माल उतरायला पाऊण तास जास्त लागतो. लागू दे. पोले पोले.

जाता जाता मंडळाला एक विनंती. आपली मूर्ती गाडीवर कोण चढवते, विसर्जनाला कोण उतरवते? याच बाजारातले हमाल. आरतीच्या वेळी मात्र पुढे आपण असतो. यंदा एका संध्याकाळची आरती त्यांच्या हातून व्हावी. आणि माझ्या नावाचा फलक कृपा करून बदलावा. ‘किलिमांजारोवरून सुखरूप आणलेले’ असे लिहा. ते अगदी खरे आहे.

गणपती बाप्पा मोरया!