नाव, गाव आणि शोधयंत्र

(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील कुटुंबांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



'मेड इन यूएसए'चा किस्सा ज्याने ऐकला नाही, असा प्रवासी कर्जतच्या लोकलमध्ये सापडणे कठीण. त्या तीन अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', असे हसत हसत सांगितले जाते. किस्सा खरा किती आणि रंगवलेला किती, हे तपासण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडले नाही. एका शहराच्या नावावर मात्र 'नकली' हा शिक्का बसला. वास्तविक हे शहर कोणी वसवले? फाळणीत घरदार गमावून आलेल्या सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. कॅम्प एक ते कॅम्प पाच ही नावे आजही पत्त्यांत टिकून आहेत. फुटकळ माल विकून ज्यांनी सुरुवात केली, त्यांनी पुढे फर्निचर आणि जीन्सच्या बाजारपेठा उभ्या केल्या. एवढा पुरुषार्थ एका विनोदाखाली झाकला गेला.

ही गोष्ट आंतरजालाच्या आधीची आहे. तेव्हाचा विनोद माणसाच्या तोंडून माणसाच्या कानी जात असे. सांगणारा थकला की तोही थकत असे. विस्मरण ही समाजाची नैसर्गिक सोय होती. आता ती सोय उरलेली नाही.

बदलापूरचेच पाहा. येथे घोडे बदलले जात, म्हणून हे नाव पडले, अशी आख्यायिका गावात सांगितली जाते. २० फेब्रुवारी २०१५ रोजी याच नावाचा हिंदी चित्रपट आला. त्याने 'बदला' या शब्दावर कोटी साधली आणि गावाच्या नावाला सूडाची छटा दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये एका शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले. २० ऑगस्ट रोजी हजारो नागरिक रेल्वेमार्गावर उतरले आणि वाहतूक कित्येक तास ठप्प झाली. तेव्हापासून 'बदलापूर' म्हटले की देशाला तेच आठवते. परंतु २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, तेव्हा आपत्ती दल व नौदल यांच्या बरोबरीने आसपासचे ग्रामस्थही धावून गेले होते. हजाराहून अधिक प्रवासी सुखरूप बाहेर आले. ती आठवण मागे पडली आहे.

यंत्राला खरे-खोटे कळत नाही

असे का होते, हे समजून घेतले पाहिजे. शोधयंत्र आंतरजालावरील पाने वाचते, त्यांची सूची करते आणि विचारलेल्या शब्दांशी जुळणारी पाने क्रमाने मांडते. हा क्रम लावताना पानात काय लिहिले आहे, इतर किती ठिकाणांहून त्याकडे दुवे आले आहेत, मजकूर किती ताजा आहे, अशा अनेक गोष्टी विचारात घेतल्या जातात. एखादी गोष्ट न्याय्य आहे का, पुढे तिचे काय झाले, हा विवेक यंत्राकडे नाही. नाव लिहू लागताच खाली ज्या सूचना उमटतात, त्याही मुख्यतः पूर्वी इतरांनी काय विचारले यावरून तयार होतात. आता तर काही शोधयंत्रे स्वतःच उत्तराचा उतारा लिहून देतात आणि वाचणारा मूळ पानापर्यंत जातही नाही. पहिल्या पानावर जे दिसले, तेच त्याच्या लेखी सत्य ठरते.

गावाचे जे होते, तेच माणसाचे होते. गाव मोठे असते, ते सोसते. माणूस एकटा असतो. स्थळ पाहताना, नोकरी देताना, घर भाड्याने देताना आधी नाव शोधून पाहिले जाते. अटकेची बातमी छायाचित्रासह छापली जाते. तोच तरुण वर्षांनंतर निर्दोष सुटला, तर ती बातमी कोपऱ्यात येते किंवा येतच नाही. न्यायालयाने सोडलेल्या माणसाला यंत्र मात्र सोडत नाही. अपकीर्ती मरणाहून दुःसह असते, असे आपली परंपरा सांगते. येथे तर ती अपकीर्ती निरपराधाच्या वाट्याला येते.

कायद्याची वाट

१९९८ मध्ये स्पेनमधील एका वृत्तपत्राने थकबाकीपोटी होणाऱ्या लिलावाच्या सूचना छापल्या. त्यांतील एका गृहस्थाचे देणे पुढे फिटले, सूचना मात्र शोधात दिसत राहिली. १३ मे २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, अशा व्यक्तीच्या नावाने शोध घेतला असता कालबाह्य व गैरलागू दुवे दिसू नयेत, अशी मागणी तिला करता येते. वृत्तपत्राचे मूळ पान मात्र जागेवर राहिले.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत अधिकाराचे स्थान दिले. अमली पदार्थांच्या खटल्यातून निर्दोष सुटलेल्या एका गृहस्थाच्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये अंतरिम आदेश देऊन तो निकाल शोधयंत्रातून दूर ठेवण्यास सांगितले. मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तशाच स्वरूपाचा आदेश दिला. त्याला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्थगिती दिली. न्यायनिवाडे खुले असले पाहिजेत, हेही तत्त्व तितकेच मोलाचे आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात माहिती पुसून मागण्याचा अधिकार आहे. पण जी माहिती माणसाने स्वतःच जाहीर केली, तिला हा कायदा लागू होत नाही. स्वतः चव्हाट्यावर मांडलेले परत मागता येत नाही, हे घरातील तरुणांना वेळीच सांगितले पाहिजे.

येथे एक सीमारेषा आखावी लागते. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्या कुटुंबाला बांधकाम करणाऱ्याचा पूर्वेतिहास कळलाच पाहिजे. २०१७ पासून महारेराची नोंद त्यासाठीच खुली आहे. निर्दोषाला विस्मरण मिळावे. दोषी बिल्डरला, लाचखोर अधिकाऱ्याला किंवा लोकप्रतिनिधीला त्याच्या सार्वजनिक कृत्यांचे विस्मरण मिळता कामा नये. पैसे घेऊन नाव धुऊन देणारे व्यवसाय आज आहेत. ते खोटी स्तुती पेरतात, विकतची तारांकने मिळवून देतात. ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणले, यावरूनच हा रोग किती पसरला आहे हे ध्यानी येते. आपल्या बाजारपेठांतील व्यापाऱ्यांनी या मोहात पडू नये. 'नकली'चा जुना शिक्का नकली स्तुतीने पुसला जाणार नाही.

घराघरांत काय करावे

वर्षातून दोनदा आपले नाव गावाच्या नावासह शोधून पाहावे. बदनामीकारक मजकूर आढळल्यास प्रथम तारखेसह त्याची प्रत जपावी आणि पानाचा पत्ता लिहून ठेवावा. मूळ पान प्रसिद्ध करणाऱ्याकडे लेखी विनंती करावी. निर्दोष सुटका झाली असेल तर निकालाची प्रत जोडावी. मूळ पान काढले गेले तरी शोधात जुना मजकूर दिसत असेल, तर तो ताजा करण्याची विनंती शोधयंत्राकडे करता येते. बनावट खाते किंवा अश्लील छायाचित्र असेल, तर लाजेपोटी गप्प बसू नये. माध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार करावी. अशा वेळी मुलीला जाब विचारणारे घर गुन्हेगाराचेच बळ वाढवते.

मात्र प्रत्येक टीकेवर तुटून पडू नये. २००३ मध्ये एका अमेरिकन गायिकेने आपल्या घराचे छायाचित्र हटवण्यासाठी दावा लावला. तोवर ते अवघे सहा वेळा उतरवून घेतले गेले होते. दाव्याचा गाजावाजा होताच महिनाभरात लाखो लोकांनी ते पाहिले.

शेवटी प्रश्न आपल्या हातातील फोनचा आहे. अत्याचारपीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. बदलापूरच्या त्या दिवसांत अफवाही पसरल्या. त्या पसरवणारे हात शेजारपाजारचेच होते. खातरजमा न करता पुढे ढकललेला प्रत्येक संदेश कोणाच्या तरी नावावर डाग ठेवून जातो. ज्याने अटकेची बातमी पुढे पाठवली, त्याने सुटकेची बातमीही तितक्याच तत्परतेने पाठवावी, एवढे व्रत जरी घेतले तरी पुष्कळ आहे.

आणि जे चांगले आहे, ते लिहावे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमाराचा आहे. कोणीतरी कोरून ठेवले म्हणूनच त्या काळाचे नाव आज आपल्याला कळते. बराकीत वाढलेल्या पिढीच्या आठवणी, महालक्ष्मीच्या प्रवाशांना पाण्यातून काढणाऱ्यांचे अनुभव, शाळांचे आणि वाचनालयांचे इतिहास हे सारे नावानिशी, तारखेनिशी मराठीत नोंदले गेले पाहिजे. थेंबाने गेलेली हौदाने येत नाही, असे म्हणतात. ते खरे आहे. ती येते थेंबाथेंबानेच, आणि ते थेंब टाकण्याचे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.