कोड विकणाऱ्याने घ्यावयाची खबरदारी



वाढदिवसाला मिळालेले पण आपल्या उपयोगाचे नसलेले गिफ्ट कार्ड, मुलाने विकत घेऊन न वापरलेला एखाद्या गेमचा कोड, अशा वस्तू ऑनलाइन बाजारात थोड्या कमी किमतीस विकून टाकण्याचा प्रघात आता देवळाली कॅम्पसारख्या गावातही पडला आहे. आणि या व्यवहारात पुष्कळदा नागवला जातो तो घेणारा नव्हे, विकणारा, ही गोष्ट अद्याप पुरेशी कोणाच्या ध्यानात आलेली नाही, म्हणून आजचे हे भाषण.

दूरच्या अनोळखी गिऱ्हाइकाला माल विकण्याचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. पोस्ट खात्याने 1877 साली व्ही.पी.ची पद्धत सुरू केली आणि पुढे कित्येक पिढ्या मराठी पुस्तके खेडोपाडी व्ही.पी.नेच गेली, कारण पोस्टमन किंमत वसूल केल्यावाचून पुडके हाती देत नसे, गिऱ्हाइकाने ते नाकारल्यास माल परत येई, आणि दोन्ही प्रसंगी खात्याच्या दप्तरी नोंद राही. आजच्या बाजारपेठा विक्रेत्याला जे संरक्षण देतात, तेही मुख्यतः माल पोहोचल्याच्या पावतीवरच उभे असते. कोडाला मात्र पुडके नाही, पोचपावती नाही. ज्याने तो पाहिला त्याला तो मिळाला. ‘आधी कोडाचा फोटो पाठवा, खरा आहे का पाहतो,’ असे म्हणणाऱ्या इसमास फोटो धाडणे म्हणजे मालच त्याच्या हवाली करणे होय. आणि पुढे त्यानेच ‘कोड वापरलेला निघाला’ अशी तक्रार करून रक्कम परत मागितली, तर ती खोटी ठरवण्यास विक्रेत्यापाशी साधन उरत नाही. पेपालच्या विक्रेता-संरक्षणातून तर गिफ्ट कार्डासारख्या रोखीसमान वस्तू वगळलेल्याच आहेत, आणि ॲमेझॉनचे गिफ्ट कार्ड मोबदला घेऊन दुसऱ्यास देण्याची मुभा त्याच्या अटींत नाही. सबब, विकण्यापूर्वी कार्डाच्या अटी वाचाव्यात. जेथे हस्तांतराचा हक्कच नाही तेथे दाद तरी कोणत्या तोंडाने मागणार? 2019 चा ग्राहक संरक्षण कायदाही मुळात घेणाऱ्याच्या रक्षणासाठी झालेला आहे.

आपल्या छावणीच्या गावात गणवेशाविषयी आदर आहे आणि तो सर्वथा सार्थ आहे. तोफखान्याच्या प्रशिक्षण केंद्रामुळे येथे बदलीवर येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ नित्याची, त्यामुळे ‘मी फौजेत आहे, बदलीचा हुकूम निघाला आहे,’ असे कोणी म्हटले की लाम रोडवरच्या माणसाचा चटकन विश्वास बसतो. नेमक्या याच विश्वासावर डल्ला मारणाऱ्या तोतयांविरुद्ध देशभर फिर्यादी झालेल्या आहेत. गिऱ्हाईक बनून आलेला हा तोतया ओळखपत्राचा आणि कँटीन कार्डाचा फोटो आपण न मागताच पाठवतो, किमतीत घासाघीस करीत नाही, आणि मग एक क्यूआर कोड धाडून सांगतो की हा स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. श्रोतेहो, यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. एवढे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे, असे मला कळकळीने वाटते.

व्यवहार करावयाचाच असेल तर रक्कम आधी घ्यावी, आणि ती आली की नाही हे गिऱ्हाइकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून अथवा संदेशावरून न ठरवता आपल्या बँकेच्या खात्यात स्वतः पाहावे. क्रेडिट कार्डाने आलेली रक्कम कार्डधारकाने हरकत घेतल्यास काही आठवड्यांनीही मागे खेचली जाऊ शकते, याचे भान असावे. कोड व्हॉट्सॲपवर न पाठवता बाजारपेठेच्याच संदेशपेटीतून पाठवावा, आणि तत्पूर्वी कार्डावर किती रक्कम शिल्लक आहे ते तारीखवेळेसह दिसेल असे चित्रीकरण करून खरेदीच्या पावतीसोबत जपावे.

याहून गंभीर बाब अशी की, बोलणी एकाशी आणि पैसे तिसऱ्याच्याच नावाच्या खात्यातून, असे झाल्यास तो पैसा कोणा फसवल्या गेलेल्याचा असू शकतो. त्याने तक्रार नोंदवताच पोलिसांच्या सूचनेवरून आपले खाते गोठवले जाते, आणि निरपराध विक्रेता महिना-महिना खुलासे देत बसतो. नावे जुळत नसतील तर कोड देऊ नये आणि ती रक्कम वापरूही नये. बँकेला लेखी कळवावे.

फसवणूक झालीच तर मूळ संदेश पुसू नयेत. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, म्हणून मूळ फोन जवळ असणे इष्ट. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ड अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पण शिक्षेपेक्षा रक्कम वाचणे निकडीचे, आणि ती तोतयाच्या खात्यातून पुढे सरकण्याआधीच अडवता येते. तेव्हा लाजेपोटी गप्प न राहता, रक्कम लहान असली तरी, त्याच घटकेस सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या 1930 या क्रमांकावर फोन करा.