गावाची राखण



पासलीसारखं गाव डोळ्यांपुढं आणा. वेल्ह्याच्या डोंगरात, मढे घाटाच्या बाजूला. पोलीस ठाणं वेल्ह्याला. रात्री गोठ्यातलं जनावर कुणी सोडून नेलं, तर पोलीस पोचेपर्यंत चोर घाट उतरून जायचा. अशा ठिकाणी राखण गावालाच करावी लागते.

ही रीत आपल्याकडे जुनी आहे. रामोशी आणि जागले गाव राखीत. चोरी झाली की चोराचा माग काढीत. माग शेजारच्या शिवेत गेला, की पुढचा शोध त्या गावाकडे. मागच लागला नाही, तर भरपाईची जबाबदारी राखणदारावर येई. म्हणून शेजारी गावंही एकमेकांच्या चोरीकडं डोळेझाक करीत नसत.

जपानात १८७४ पासून 'कोबान' नावाच्या छोट्या पोलीस चौक्या आहेत. तिथला पोलीस घरोघर फिरून माणसं ओळखीची करतो. आपल्याकडे पोलीस पाटील आहे, ग्रामरक्षक दलाची कायद्यात सोय आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीमही सुरू झाली. बांधाचा तंटा कुऱ्हाडीपर्यंत जाण्याआधी गावातच मिटवावा, हा तिचा हेतू.

पण मंडळी, राखण करता करता गावच गुन्हेगार होऊ शकतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात तसंच घडलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. भिक्षा मागणारे पाच नाथपंथी डवरी गोसावी तिथं आले. जमावानं त्यांना मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं, ठार केलं. पाचही निरपराध! इंग्रजांनी काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ साली गेला. आपल्या मनातला संशय अजून जायचा आहे.

तेव्हा गस्त जरूर घाला. पाळ्या ठरवा, गस्तकऱ्यांची नावं पोलीस पाटलाकडं द्या. परका माणूस दिसला, तर नावगाव विचारा, बसवा, पाणी द्या. शंका वाटली तर ११२ नंबर लावा. रेंज नसली, तर पाटलाला निरोप धाडा. हात मात्र उगारू नका. आणि गुरुजी, ऐकलेली गोष्ट आधी पडताळायची, पुढं मग सांगायची, हा धडा पोरांना तुम्हीच द्या. पोरं तो घरी नेतील.

बरंय मंडळी, रामराम.