वर्ग दोनची जमीन, संगणकातली

पनवेल तालुक्यातल्या एखाद्या सातबाऱ्यावर गट क्रमांकाशेजारी ‘भूधारणा पद्धती : भोगवटादार वर्ग २’ असं दिसतं. म्हणजे हस्तांतरावर बंधन. विकायची तर आधी परवानगी. हे बंधन त्या गटाचं नव्हे, वर्गाचं. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २९मधलं. क्षेत्र, आकारणी, खातेदार ही मात्र गटाची स्वतःची माहिती. हे सगळं संगणकात ठेवायचं, तर नेहमीच्या डेटाबेसला दोनच मजले: वर साचा, खाली नोंदी. ‘वर्ग २’ दोन्हीकडे नांदतो. जमिनींसाठी तो साचा, भूधारणेच्या यादीत एक साधी नोंद. कॉलिन अ‍ॅटकिन्सन आणि थॉमस क्यूने यांनी मांडलेली बहुस्तरीय रचना अशा दुहेरी वस्तूला हक्काची जागा देते.

कुणी म्हणेल, वर्गांचा वेगळा तक्ता करून संकेतांक जोडला की भागलं. छोट्या कामाला भागतंही. पण वरच्या ओळीचा नियम खालच्या ओळींना लागू आहे, हे तेव्हा फक्त प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहतं, आणि तो माणूस उद्या नोकरी बदलतो! मजले वाढले की माहिती शोधणं किचकट होतं, हा आक्षेप मात्र खरा. म्हणून मजले आराखड्यात स्पष्ट मांडावेत, साठवण साध्या तक्त्यांतच ठेवावी. मग वर्ग २ची जमीन वर्ग १ झाली, तर गटाला वर्गाशी जोडणारा फक्त एक धागा बदलतो.