वही आपली, किल्लीही आपली



कर सल्लागारांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, याबद्दल मी तुमची ऋणी आहे. ज्यांच्या हाताखाली मी रिटर्न भरायला शिकले, त्यांतले दोघे आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांना नमस्कार करून सुरुवात करते.

मला आज आपल्या अशिलांच्या वह्यांबद्दल बोलायचं आहे. मी या कामाला लागले तेव्हा पेठेतलं दुकान लाल बांधणीच्या वह्यांवर चालायचं. रात्री शटर ओढण्याआधी कीर्द मिळवायची, मग सवडीनं खतावणी. पुढे टेबलावर संगणक आला, टॅली आलं, आणि वही हार्ड डिस्कमध्ये गेली. गेल्या दिवाळीत एका अडत्यांकडे लक्ष्मीपूजनाला गेले होते. चौरंगावर एक कोरी वही होती आणि शेजारी लॅपटॉप. कुंकू की-बोर्डात जाऊ नये म्हणून सूनबाईंनी लॅपटॉप मिटवला आणि झाकणावर गंधानं स्वस्तिक काढलं. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. पण त्या लॅपटॉपमध्ये हिशेबाची एक ओळही नव्हती. त्यांचं सगळं खातं क्लाउडवर आहे, महिन्याच्या भाड्यानं घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये. ज्या वहीची आपण पूजा करतो ती आता असते कुठे आणि तिची किल्ली कोणाकडे असते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे.

ऑगस्ट २०१९ चा महापूर पाहिलेला सांगलीकर क्लाउडच्या विरोधात बोलूच शकत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. पाणी ओसरल्यावर मी एका अशिलाच्या दुकानात गेले. त्यांनी सीपीयूचा डबा उचलून तिरका केला, तर आतून गढूळ पाणी आणि चिखल बाहेर आला. बॅकअपचा पेनड्राइव्ह होता, पण तो त्याच टेबलाच्या खणात. हार्ड डिस्क पुण्याला पाठवली, तिच्यातून काही निघालं नाही. कोणाकडे किती उधारी, हे त्यांनी पुढचे चार महिने गिऱ्हाइकांच्याच तोंडून ऐकून लिहून काढलं. दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या व्यापाऱ्याचं दुकानही तेवढंच बुडालं होतं. ते मात्र मिरजेला मेहुण्यांच्या घरी बसून मोबाइलवर येणी-देणी बघत होते. विम्याच्या दाव्यासाठी लागणारी मालाची यादी त्यांच्या हातात होती. माल दोघांचाही गेला, हिशेब एकाचाच गेला.

म्हणून क्लाउडचा फायदा मला कोणी पुस्तकातून शिकवायला नको. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सेल्सफोर्स ही कंपनी सुरू झाली तेव्हा सॉफ्टवेअर सीडीवर न विकता ब्राउझरमधून भाड्यानं द्यायचं, ही कल्पना नवी होती. आज तमिळनाडूतल्या तेनकाशीजवळ बसून झोहो कंपनीची माणसं जगभरच्या धंद्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितात. व्यवस्था साधी आहे. एकाच इमारतीत हजारो बिऱ्हाडं; प्रत्येकाचं दार वेगळं, पण पाया, नळ आणि वीज एकच. दुरुस्ती एकदा झाली की सगळ्यांची झाली. बिलाचा सरकारी नमुना बदलला म्हणून कुपवाडच्या कारखान्यात कोणाला सीडी घेऊन जावं लागत नाही.

कायद्यानंही धंद्याला याच वाटेवर ढकललं आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हिशेब महिन्याच्या महिन्याला पोर्टलवर चढवणं सक्तीचं झालं. ई-इन्व्हॉइस १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं ते ५०० कोटींवरच्या उलाढालीसाठी. ती मर्यादा टप्प्याटप्प्यानं उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहिली पाहिजे, असा नियम आहे. काल मोठ्या कारखान्यांपुरतं असलेलं काम आज यंत्रमागवाल्याच्या आणि हळदीच्या व्यापाऱ्याच्या दारात आलं आहे.

वाट बरोबर आहे. पण या वाटेवर आपली माणसं तीन ठिकाणी ठेचकाळताना मी पाहिली आहेत.

पहिली ठेच किल्लीची. एका कारखान्यात क्लाउडचं खातं हिशेबनिसानं स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडलं होतं. मालकांना त्याची कल्पनाच नव्हती. दोन वर्षांनी त्यानं दुसरीकडे नोकरी धरली. महिन्याची १९ तारीख, दुसऱ्या दिवशी जीएसटीचा ३ बी रिटर्न भरायचा, आणि ओटीपी जात होता सोडून गेलेल्या माणसाच्या फोनवर. तो माणूस भला, त्यानं रात्री दहाला फोन उचलला म्हणून निभावलं. मालक माझ्यासमोर खुर्चीत बसून म्हणाले, “ताई, कारखाना माझा, पण मीच दाराबाहेर उभा आहे.” दुकानाच्या कुलपाची किल्ली नोकराच्या नावावर करणारा मालक मी पाहिलेला नाही. मुख्य लॉगिन मालकाच्या नावावर, प्रत्येक कामगाराचं लॉगिन वेगळं, आणि माणूस सोडून गेला की त्याच संध्याकाळी ते बंद, एवढी शिस्त घालून द्यायला पैसा लागत नाही.

दुसरी ठेच बाहेर पडण्याच्या दाराची. भाडं महिन्याचं असतं, कायदा मात्र अनेक वर्षांचा हिशेब मागतो. जीएसटीच्या कायद्यात वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब सांभाळावा लागतो. कंपनी असेल तर आठ आर्थिक वर्षं. दोन वर्षांनी सॉफ्टवेअर बदललं तर आधीच्या दोन वर्षांची वही कोणाकडे राहिली? माझ्या एका अशिलानं सेवा बंद केली तेव्हा त्यांना बिलांच्या पीडीएफ मिळाल्या, पण खतावणी एक्सेलमध्ये मिळाली नाही. आमच्या ऑफिसातल्या दोन मुलींनी ती बिलं पुन्हा एकेक करून नोंदवली. त्यातली एक मला म्हणाली, “मॅडम, हे सगळं एकदा लिहून झालेलं आहे ना?” लिहून झालं होतं, पण ते आपल्या हातात नव्हतं. म्हणून करार करतानाच विचारा की सोडून जाताना संपूर्ण खतावणी, साठा आणि ग्राहकांची यादी कोणत्या स्वरूपात मिळेल, किती दिवसांत मिळेल आणि त्याचे पैसे किती. आत येताना सगळेच पायघड्या घालतात, निघताना काय होतं ते आधी पाहावं.

तिसरी ठेच जागेची. क्लाउड आभाळात नसतो. तो कोणत्या तरी देशात, कोणत्या तरी इमारतीत असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइटचा साठा जळून गेला. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. एवढं प्रगत राष्ट्र, पण दुसरी प्रत नाही, आणि वर्षानुवर्षांचं काम गेलं. त्याच वर्षी जुलैत गुजरातेत वाडीनारला तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जीवर युरोपीय संघानं निर्बंध घातले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं तिच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पुन्हा सुरू झाल्या. नायराकडे बडे वकील होते. आपल्या इचलकरंजीच्या सायझिंगवाल्याकडे ते नाहीत. त्याच्याकडे असायला हवी ती स्वतःच्या हिशेबाची ताजी प्रत. कंपन्यांना तर हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं नियमानंच बंधनकारक आहे.

करारात ९९.९ टक्के सेवा चालू राहील असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ वर्षाकाठी पावणेनऊ तास बंद राहिली तरी करार मोडत नाही. ते पावणेनऊ तास २० तारखेला आले तर काय करायचं, हे १० तारखेलाच ठरलेलं हवं.

खर्चाचंही अशिलाला नीट मांडून दाखवा. समजा दहा माणसांची कचेरी आहे आणि माणशी महिना ६०० रुपये भाडं आहे. वर्षाचे ७२ हजार झाले, पाच वर्षांचे ३ लाख ६० हजार. स्वतःचा सर्व्हर, यूपीएस, दुरुस्ती हे धरलं तर हा सौदा अनेकांना परवडतो, पण हे भाडं कधी फिटत नाही, हे पहिल्या दिवशी कळलं पाहिजे. सेवा देणारी कंपनी परदेशातली असेल आणि तिच्या बिलावर जीएसटी दिसत नसेल, तर नोंदणीकृत व्यापाऱ्यानं तो रिव्हर्स चार्जनं स्वतः भरायचा असतो. तपासणीच्या नोटिशीत हा मुद्दा निघाल्यावर अशिलाला तो समजावून सांगणं आपल्याला शोभत नाही.

मित्रहो, अशील आपल्याकडे सही घ्यायला येतो तेव्हा तो घरच्या माणसासारखा विश्वास टाकून येतो. सॉफ्टवेअर विकणारा त्याला फायदे सांगेल, ते त्याचं काम आहे. किल्ली, बाहेरचं दार आणि दुसरी प्रत यांबद्दल त्याला सांगणारं दुसरं कोणी नाही. ते आपण सांगायचं. आपली फी रिटर्नची असली, तरी आपली जबाबदारी वहीची आहे.

म्हणून या अध्यक्षपदावरून मी एकच मागणं मागते. या महिन्याची २० तारीख उलटली की आपल्या दहा अशिलांना बोलवा. त्यांच्यासमोर बसून मुख्य लॉगिन मालकाच्या नावावर आहे का ते पाहा. पूर्ण खतावणी उतरवून घ्या, ती उघडते का तेही तपासा. दोन वेगळ्या डिस्कवर तिच्या प्रती करा आणि त्यातली एक डिस्क दुकानापासून दूर, पाणी चढणार नाही अशा घरात ठेवायला सांगा. पुढच्या वर्षी या परिषदेला येताना प्रत्येकानं आपल्या दहाही अशिलांबद्दल हे काम झालं असं सांगावं. सॉफ्टवेअर खुशाल भाड्यानं घ्यावं, वही मात्र आपल्या घरात असावी.