पाळी आली नाही, तरी दिवस जातात
(ग्रामसंघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)

गटागटांत एक वाक्य नेहमी ऐकते, "बाळ अंगावर पितंय, पाळी आली नाही, मग काळजी कशाला?" इथंच फसगत होते. अंगावरच्या दुधाचा भरवसा तीन गोष्टी जुळल्या तरच धरायचा: बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, त्याला दिवसरात्र फक्त आईचंच दूध आहे आणि पाळी सुरू झालेली नाही. यातली एक जरी सुटली, की पाळी यायच्या आधीच दिवस जाऊ शकतात.

बाळंतपणात अंगातलं रक्त कमी होतं, ते भरून यायला वेळ लागतो. म्हणून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत थांबा. गर्भपात झाला असेल, तर निदान सहा महिने.

सरकारी दवाखान्यात साधनं मोफत मिळतात. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते. अंगावर पाजणाऱ्या आईला अंतरा इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर, मग दर तीन महिन्यांनी घेता येतं. आणि निरोध नवऱ्यानं वापरायचा, सगळा भार बाईवरच कशाला?

कर्जाच्या हप्त्याची तारीख आपण चुकवत नाही ना? मग पाळणा लांबवायचंही आधीच ठरवा. सातवा महिना लागला, की नवऱ्याला घेऊन आशाताईंना भेटा.