वातानुकूलन मेकॅनिकचे वेतन कोणी मोजायचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



मुंबईच्या कामगारवर्गाला वेतनाची पाहणी नवी नाही. १९२१ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस स्थापन केले आणि त्याचे संचालक फिंडले शिरास यांनी कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. औद्योगिक कामगाराचा आहार मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या आहारापेक्षाही कमी आहे, असा निष्कर्ष १९२३ च्या त्या अहवालात निघाला. अहवाल परक्या सरकारचा होता. तरीही पुढे कित्येक वर्षे वेतनाचा प्रश्न मांडणाऱ्यांना तो उपयोगी पडला.

त्या गिरण्या आता उरल्या नाहीत. परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि वातानुकूलन बंद पडले तर त्या कचेऱ्यांत तासभर बसणे अशक्य होते. ते चालू ठेवणाऱ्या मेकॅनिकला काय मिळते, हा प्रश्न मात्र शिरास यांच्या पद्धतीने कोणी विचारलेला दिसत नाही. लेबर ब्युरोच्या व्यवसायवार वेतन पाहण्या १९५८-५९ पासून झाल्या. त्या उद्योगवार आखलेल्या. हा मेकॅनिक आज रुग्णालयात, उद्या बँकेत, परवा कोणाच्या तरी बेडरूमच्या खिडकीबाहेर असतो. त्याचा उद्योग कोणता म्हणायचा?

गिरणीला फाटक होते, हजेरीपट होता, आणि १९४७ च्या निवाड्यानंतर प्रमाणित वेतन होते. येथे अंगावरचा शर्ट एका कंपनीचा, ओळखपत्र सर्व्हिस सेंटरचे आणि पैसे देणारा तिसराच कंत्राटदार, अशी साखळी असते. आय.टी.आय.चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेला तरुणही कागदावर ‘हेल्पर’ राहू शकतो. आर-२२ वायू मागे पडून आर-३२ आणि आर-२९० हे ज्वलनशील वायू आले. काम अधिक कौशल्याचे आणि अधिक धोक्याचे झाले. एवढ्याने वेतनाची श्रेणी आपोआप बदलत नाही.

त्यामुळे ‘पगार किती?’ एवढे विचारून थांबणारी पाहणी फसवी ठरते. एक कल्पित हिशेब करून पाहावा. समजा, महिना १८,००० रुपये ठरले आहेत. रोज आठ तास आणि २६ दिवस धरले, तर २०८ तास होतात. तासाला सुमारे साडेशहाऐंशी रुपये पडतात. उन्हाळ्यात हेच काम रोज बारा तास चालले तर ३१२ तास भरतात आणि दर ५७ रुपये ६९ पैशांवर येतो. वरच्या १०४ तासांचे दुप्पट दराने पैसे काढले, तर रक्कम येते पुन्हा अठरा हजार. म्हणजे एका महिन्यात आणखी एक संपूर्ण पगार बुडाला, आणि पाहणीच्या तक्त्यात मात्र १८,००० हाच आकडा निर्वेधपणे बसला. यातून स्कूटरचे पेट्रोल आणि स्वतःच्या खर्चाने घेतलेली हत्यारे अजून वजा व्हायची आहेत. ‘कॉल’मागे पैसे मिळणाऱ्याचा हिशेब आणखी निराळा, मे महिन्यात त्याला विचारले तर तो सुखवस्तू दिसेल, ऑगस्टमध्ये विचारले तर तोच उधारीवर असेल.

आकडे कसे जमवावेत यावर आकडे कोणाच्या बाजूचे निघतात हे किती अवलंबून असते, हे अमेरिकेत उघड दिसते. तेथे या धंद्याची स्वतंत्र नोंद होते. मे २०२४ मध्ये तापन, वातानुकूलन व शीतकरण मेकॅनिकचे मध्यक वार्षिक वेतन ५९,८१० डॉलर होते. आकडा नेमका खरा. परंतु तो मालकांकडून मागवलेल्या माहितीवर उभा आहे, जादा कामाचा मोबदला त्यात नाही आणि स्वतःचा धंदा करणारे कारागीरही नाहीत. याहून बोधप्रद आहे तो १९३१ चा डेव्हिस-बेकन कायदा. सरकारी बांधकामावर त्या भागातले ‘प्रचलित’ वेतन द्यावे, असे तो सांगतो. प्रचलित म्हणजे कोणते? निम्म्याहून अधिक कामगारांना एकच दर मिळत नसेल, तर निदान ३० टक्क्यांना मिळणारा सर्वाधिक आढळणारा दर धरावा, असा जुना नियम होता. संघटनेने करार करून मिळवलेला दर पैशापर्यंत सारखा असतो. असंघटितांचे दर विखुरलेले. म्हणून या नियमात संघटनेचा दर टिकत असे. रीगन यांच्या राजवटीत, १९८३ साली, ३० टक्क्यांची ही पायरी काढून टाकली गेली. बहुमत नसेल तर सरळ सरासरी. कायद्याचा शब्दही न बदलता वेतन खाली ओढण्याची सोय झाली. ती पायरी परत यायला २०२३ उजाडले.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याने ही पाहणी हाती घ्यायची तर महिन्याचा नव्हे, वर्षाचा हिशेब विचारावा. तास आठवणीवर सोडू नयेत. जॉब कार्डावर येण्याजाण्याची वेळ असते. घरखर्च घरातील स्त्रीला विचारावा. पैसे कमी पडतात तो दिवस तिला नेमका ठाऊक असतो. वेतनचिठ्ठी मागावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहितेने ती देणे मालकावर बंधनकारक केले आहे. श्रमसंहितांना कामगार संघटनांचा विरोध आहे आणि तो सकारण आहे; म्हणून हाती आलेले कलम वापरू नये असे नाही. चिठ्ठी मिळत नाही, ही देखील नोंदच. माहिती देणाऱ्याचे नाव कोठेही लिहू नये, आणि लहान गावात सर्व्हिस सेंटरचेही लिहू नये. दोनच सेंटरे असतील तर मालकाला माणूस ओळखायला वेळ लागत नाही आणि पाहणीची किंमत त्याला नोकरीने मोजावी लागते.

हिशेबाची दुसरी बाजू तर फार दूर नाही. सोसायट्या, पतपेढ्या, शाळा, ग्रंथालये यांच्या वातानुकूलन यंत्रांची वार्षिक देखभाल कंत्राटाने दिली जाते. त्या संस्थांच्या कार्यकारिणीवर पक्षाचे सहानुभूतीदार पुष्कळ आहेत. कंत्राटाची रक्कम, यंत्रांची संख्या आणि वर्षातील भेटी यांचा भागाकार केला की एका भेटीमागे कंत्राटदाराला किती मिळते ते कळते, आणि त्यातून मेकॅनिकला किती देता येणे शक्य होते तेही. सर्वांत कमी दराची निविदा एकमताने मंजूर झाल्याचे ठराव त्याच इतिवृत्तांत, याच सभासदांच्या सह्यांनिशी आहेत. पाहणीची सुरुवात त्या वह्यांपासून करायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.